ऐंशी नंबरचं दार

आमच्या कॉलेजला यंदा पन्नास वर्षं पूर्ण झाली. म्हणजे स्मरणिका आलीच. संपादक मंडळाने माझ्याकडे ‘संगणक प्रयोगशाळेची वाटचाल’ या विषयावर तीनशे शब्द मागितले आहेत, आणि ‘सोबत आपला फोटो पाठवत आहोत, खालची ओळ तपासून द्यावी’ असंही कळवलं आहे. तपासली. फोटोत मी उभी आहे, इस्त्रीची साडी, चेहऱ्यावर नेहमीचा त्रासिकपणा, शेजारी पिवळट पडलेला एक संगणक. खाली लिहिलंय : ‘कॉलेजचा पहिला वेब सर्व्हर उभारणाऱ्या श्रीमती श्यामला दातार.’

ओळ चुकीची आहे. सर्व्हर मी उभारला नाही. फोटोत माझ्या डाव्या हाताला, अगदी कडेला, खाकी बाहीतलं एक कोपर दिसतं. छापताना तेही कापाल, म्हणून आधीच सांगते, ते कोपर कचरू ओव्हाळचं आहे आणि सर्व्हर त्याने उभारला. हे तीनशे शब्दांत बसत नाही, आणि मला बसवायचंही नाही. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर माझा फोटोही काढून टाका.

कचरू आमच्याकडे पंच्याण्णव साली आला, रोजंदारीवरचा शिपाई म्हणून. वय पंचवीस, बारावी नापास, राहायला मांजरीला. उसाच्या शेतांमधून सायकल हाणत हडपसरला यायचा आणि तिथून बस पकडायचा. त्याला काम काय दिलं, तर चपला. तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला घालून जायची प्राज्ञा नव्हती. खोलीला पडदे, गालिचा, गारवा, आणि दाराशी एक फळी. मुलं चपला काढून आत जात, कचरू त्या फळीवर ओळीने लावी आणि उंबऱ्यावर ओलं फडकं फिरवी. आत धूळ गेली तर संगणक बिघडतो असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, आणि आम्ही ते पाळत होतो. कचरू चार वर्षं दाराबाहेर स्टुलावर बसला. त्याला आत बोलवावं असं मला एकदाही सुचलं नाही, हे आज लिहिताना माझंच मला विचित्र वाटतं.

मी स्वतः काही संगणकाची पंडित नव्हते. माझा विषय संख्याशास्त्र. पण नव्वदच्या पुढे कॉलेजं संगणकांच्या मागे लागली, आणि आकडेमोड येते तर संगणकही येईल, अशा हिशेबाने प्रयोगशाळा माझ्या गळ्यात पडली. शिकवायला जे मास्तर यायचे ते सहा महिन्यांत पळायचे. नव्याण्णव साली तर एकाच वर्षात तिघे गेले. दोघे अमेरिकेला, एक बंगळूरला. जाताना पेढे देऊन जायचे. मी पेढा खायची, अभिनंदन म्हणायची आणि पुन्हा जाहिरात द्यायची. राहिलो कोण, तर मी आणि दाराशी कचरू.

एके दिवशी वीस मुलांचा वर्ग आत बसलेला, प्रिंटर अडकलेला, आणि मी त्याला थापट्या मारतेय. कचरू उंबऱ्यावरूनच म्हणाला, “बाई, मागचं झाकण काढा. डाव्या हाताला कागदाचा तुकडा हाय. मागच्या मंगळवारी शिंदे सर तिथूनच काढत होते.”

मी म्हटलं, “तुला एवढं दिसतं तर ये आत आणि काढ.”

तो आला. पाय पुसून आला. तुकडा काढला आणि परत जाऊन स्टुलावर बसला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याचं स्टूल आत घेतलं. उपकार केल्यासारखं घेतलं, हेही सांगून टाकते.

पुढची पाच-सहा वर्षं तो कसा शिकला, हे मला नीट सांगता येणार नाही, कारण मी बघत नव्हते. रद्दीतली संगणकाची मासिकं घरी न्यायचा. पडद्यावर इंग्रजीत काही उमटलं की ते अक्षर न अक्षर लांबट वहीत उतरवून घ्यायचा आणि खाली मराठीत लिहायचा : हे का झालं, काय केलं, गेलं की नाही. ‘गेलं’ असेल तर त्यापुढे बरोबरची खूण. नसेल तर जागा मोकळी. ती मोकळी जागा त्याला सहन व्हायची नाही. दोन-दोन आठवडे मागे लागायचा.

दोन हजार पाच साली प्राचार्यांच्या मनात आलं की वेळापत्रक, सूचना, जुन्या प्रश्नपत्रिका सगळं मुलांना संगणकावरच दिसावं. आता हे कसं होतं, तर एका संगणकावर ती पानं ठेवायची आणि बाकीच्यांनी तारेवरून मागवून वाचायची. पानं देणारा तो सर्व्हर. बाहेरच्या जगाशी संबंध नाही, सगळं घरातल्या घरात. खरा सर्व्हर घ्यायला पैसे नव्हते. कचरू म्हणाला, “कोपऱ्यातलं ते जुनं यंत्र द्या मला. विंडोज हाय त्यावर, तेवढं पुरे.”

मी म्हटलं, “घे. तसंही त्यावर पोरं पत्तेच खेळतात.”

विंडोजबरोबर जो सर्व्हर फुकट यायचा तो त्याने आधी लावला. तो एका वेळी दहाच जणांना पान दाखवायचा, अकरावा आला की हात वर. आमच्याकडे चाळीस यंत्रं. मग त्याने मासिकासोबत आलेल्या तबकडीवरून अपाची नावाचा सर्व्हर चढवला. तो दोन दिवस त्याचं ऐकेना. फाइलमध्ये बदल केला तरी सर्व्हरला तो दिसायचाच नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की नोटपॅड त्या फाइलच्या नावाला गुपचूप शेपटी जोडत होतं आणि विंडोज ती शेपटी लपवत होतं. म्हणजे हा बदलत होता एक फाइल आणि सर्व्हर वाचत होता दुसरी. कचरू चिडला नाही. वहीत लिहिलं : ‘नावाची शेपटी बघणे.’ पुढे बरोबरची खूण.

मग पान त्याच्या यंत्रावर दिसायला लागलं, पण शेजारच्या यंत्रावर नाही. मग शेजारी दिसलं, पण दुसऱ्या दिवशी गायब, कारण सर्व्हरचा नंबर रोज बदलत होता. मला म्हणाला, “बाई, घर हाय पण घराला पक्का नंबर नाही. पोस्टमन रोज नवं घर शोधतोय.” त्याने नंबर पक्का केला. मग पडद्यावर प्रवेश बंद असल्याची इंग्रजी सूचना आली. मी म्हटलं, झालं, आता काय? तर हा खूश. “मघाशी घरच सापडत नव्हतं, आता घर सापडलंय, फक्त दार उघडत नाही. सुधारणा हाय, बाई.”

दाराचं त्यानेच मला समजावलं. संगणकाला नंबर घातलेली पुष्कळ दारं असतात. पान मागायला येणारा ऐंशी नंबरच्या दाराशी येतो. त्या दारावर एका वेळी एकच राखणदार उभा राहू शकतो. सर्व्हरच्या आधी दुसरंच कोणी तिथे जाऊन उभं राहिलं, तर सर्व्हर सुरूच होत नाही. “पहिला येईल त्याचं दार,” तो म्हणाला. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढे माझी लाज निघाली ती ह्याच्यावरून.

पंधरा दिवसांनी चाळीसही यंत्रांवर वेळापत्रक उमटलं. प्राचार्य बघायला आले, मला म्हणाले, “वा, दातारबाई!” आणि मी म्हटलं, “थँक यू, सर.” फोटो तेव्हाचा आहे. कचरू मागे सरकत होता, त्याचं कोपर राहिलं.

त्या यंत्रावर मी माझ्या हाताने पाटी लावली : ‘सर्व्हरला हात लावू नये. कोणीही. कारण विचारू नये.’ मुलं घाबरत. मास्तरही घाबरत. माझ्या पाट्यांचा कॉलेजात दरारा होता.

कचरूची सकाळ ठरलेली. आठला यायचा, यंत्र सुरू करायचा, अपाचीचं बटण हाताने दाबायचा, पान उघडतंय ना हे तीन यंत्रांवर बघायचा आणि वहीत वेळ लिहायचा. सर्व्हर आपोआप सुरू होईल अशी सोय करता येत होती, त्याला ती माहीत होती. पण तो म्हणायचा, “आपण रोज हात लावला म्हणजे रोज बघितलं जातं.” त्याच्या ह्या सवयीचं मी कौतुकही केलं होतं.

आता माझं सांगते. माझी लेक राधा लग्न करून टेक्सासला गेली होती. दोन हजार सातच्या सप्टेंबरात तिला दिवस राहिल्याचं कळलं, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणाला खिळवलं. नवरा दिवसभर कामावर, सासर नागपूरला, आणि मी इथे परीक्षांच्या तारखा लावत बसलेली. माझ्याकडे घरी इंटरनेट नव्हतं. फोन केला की पाच मिनिटांत जीव घाबरा व्हायचा, बिलाचा नव्हे, ती रडायला लागेल ह्याचा. मग राधानेच सांगितलं की संगणकावरून फुकट बोलता येतं, चेहराही दिसतो. प्रयोगशाळेत मधल्या काळात बाहेरचं इंटरनेट आलं होतं, पण एकाच यंत्रावर उघडं. कोणत्या, ते सांगायला नको.

तर पाटी लिहिणारीनेच पाटी मोडली. तो बोलायचा प्रोग्रॅम मी सर्व्हरवर चढवला. सकाळी पावणेनऊला जायची, कानाला हेडफोन लावायची आणि लेकीशी वीस मिनिटं बोलायची. तिच्याकडे तेव्हा रात्र. कचरूने पहिल्या दिवशी बघितलं. दाराबाहेर जाऊन त्याच्या जुन्या जागी उभा राहिला आणि कोणी आलं की सांगायचा, “साफसफाई चाललीय, सव्वानऊला या.” मी त्याला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. थांबवलंही नाही.

सर्व्हरला त्याचा काही त्रास नव्हता. कचरू आठला सर्व्हर लावायचा, ऐंशी नंबरचं दार सर्व्हरकडे गेलेलं असायचं. माझा प्रोग्रॅम नंतर यायचा आणि दुसऱ्या कुठल्या दाराने काम भागवायचा.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणी समिती येणार असं ठरलं. आणि त्यातच कचरूचं नशीब अडकलं. प्रयोगशाळा सहायकाची एक कायम जागा मंजूर होत होती. जागा समितीच्या शेऱ्यावर अवलंबून. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, “समितीपुढे ओव्हाळलाच सर्व्हर दाखवू द्या. शिक्षण कमी आहे, पण अनुभवावर सूट मिळते. समितीने चांगलं लिहिलं की नाव वर पाठवतो.” वयाची अट अडतीस. येत्या सप्टेंबरात त्याला अडतीस पूर्ण होत होती. म्हणजे ही एकच संधी. तेरा वर्षं रोजंदारीवर काढलेल्या माणसाला कायम नोकरी, आजारपणाची रजा, पेन्शन. त्याची मुलगी भाग्यश्री तेव्हा आठवीत होती. तिला कॉम्प्युटर इंजिनियर करायची असं तो म्हणायचा, आणि म्हटल्यावर लाजायचा.

महिनाभर तो झटला. तारा नव्याने बांधल्या, प्रत्येक यंत्रावर सुवाच्य अक्षरात नंबर चिकटवले. तपासणी गुरुवारी. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, हे शेंबड्या पोराला माहीत. कचरू आठवडाभर आधी म्हणाला, “बाई, सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी संपलीय. लाइट गेली की यंत्र बंद पडतंय.”

मी म्हटलं, “बघू. तासाभराचा तर प्रश्न आहे.” बघितलं नाही.

त्या सकाळी राधाने मला सोनोग्राफीचं चित्र दाखवलं. काळ्या-पांढऱ्या धुक्यात एक इवलंसं नाक. मी बाई कडक आहे, कॉलेजात माझ्या नाकावर माशी बसत नाही, पण त्या दिवशी मी सर्व्हरपुढे बसून पदर तोंडात धरून रडले. राधा म्हणाली, “आई, तू रोज उशिरा येतेस, मला वाटतं आज येतच नाहीस. तिथे एक चौकोन आहे बघ, त्यात खूण कर. संगणक सुरू झाला की हे आपोआप सुरू होईल, तू आलीस की मला लगेच दिसेल.” मी खूण केली. एवढंच. एका चौकोनात एक खूण.

दहा पन्नासला वीज गेली. समिती प्राचार्यांच्या खोलीत पोहे खात होती. सर्व्हर बंद पडला. अकरा पाचला वीज आली आणि समिती जिना चढायला लागली. कचरूने यंत्र सुरू केलं. विंडोज उठलं, आणि सर्वांत आधी माझा प्रोग्रॅम उठला, आपोआप, मीच सांगितल्याप्रमाणे, आणि सरळ जाऊन ऐंशी नंबरच्या दारावर उभा राहिला. खाली कोपऱ्यात एक चिमुकलं चित्र तेवढं दिसत होतं. मागून कचरूने अपाचीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा विझला.

समिती आत आली. तिघेही बूट घालून आत आले. कचरूने एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळला. चाळीस यंत्रांवर एकच वाक्य : पान दाखवता येत नाही. अध्यक्ष म्हणाले, “हाच का तो सर्व्हर?” बरोबरचे दोघे हसले.

प्राचार्यांचा चेहरा पडला. माझी तर पाचावर धारण बसली, कारण मला काहीच कळत नव्हतं. खरंच कळत नव्हतं, त्या क्षणापर्यंत. कचरूने काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली. पडद्यावर दारांची यादी आली. ऐंशी नंबरच्या दारावर जो उभा होता त्याचा क्रमांक त्याने हाताच्या तळव्यावर लिहून घेतला. मग दुसरी खिडकी उघडून तो क्रमांक कोणाचा ते शोधलं. सापडलं. तिथे त्या प्रोग्रॅमचं नाव होतं, मला तीन फुटांवरून स्वच्छ वाचता आलं.

तो मागे वळला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आता तुम्ही बोलता का, असं विचारल्यासारखं. मी खाली बघितलं.

त्याने प्रोग्रॅम बंद केला, अपाची लावला, हिरवा दिवा लागला आणि टिकला. सगळ्या यंत्रांवर वेळापत्रक उमटलं. सगळं मिळून सात मिनिटं. ज्यांनी पेढे देऊन परदेश गाठलं त्यांच्यातल्या एकालाही हे सात मिनिटांत जमलं नसतं, हे मी कोणापुढेही सांगेन.

पण अध्यक्षांना सात मिनिटं म्हणजे फार वाटली. त्यांनी विचारलं, “झालं काय होतं?”

कचरू म्हणाला, “दुसरा एक प्रोग्रॅम चालू राहिला होता, साहेब. त्यानं सर्व्हरची जागा घेतली.”

“सर्व्हरवर दुसरा प्रोग्रॅम? कोणी टाकला?”

भिंतीवर माझी पाटी होतीच. कोणीही हात लावू नये. अध्यक्षांनी ती मोठ्याने वाचली. प्राचार्यांनी मला विचारलं, “दातारबाई, तुम्हाला माहीत होतं हे?”

मी म्हटलं, “नाही, सर.”

दोन शब्द. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बोलले, पुष्कळांना बोलले, त्यातलं बहुतेक विसरले. हे दोन शब्द विसरता येत नाहीत. मला त्या वेळी काय वाटलं, तर निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, लेकीसाठी रजा मंजूर व्हायचीय, चारचौघांत शोभा नको. कायम नोकरी मला होती. माझं फार तर बोलणी खाण्यावर निभावलं असतं.

कचरू म्हणाला, “माझ्याकडून राहिला, साहेब. माझी चूक.”

“शिक्षण काय तुमचं?”

“बारावी. नापास.”

अध्यक्षांनी लिहून घेतलं. नंतर शेरा आला : सर्व्हरवर खासगी प्रोग्रॅम आढळला, यंत्रणा अप्रशिक्षित शिपायाच्या हाती आहे, पात्र उमेदवार नेमावा. मान्यता मिळाली, जागाही मिळाली. जुलैमध्ये एक पदविकाधारक मुलगा तिच्यावर रुजू झाला आणि पहिल्या आठवड्यात कचरूला विचारून विचारून सर्व्हर शिकला.

ह्यावर कळस मीच चढवला. कचरूला मेमो द्यावा असं तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी वरून आलं होतं. प्रयोगशाळा प्रमुख कोण, तर मी. मेमो माझ्या सहीने गेला. त्याने तो माझ्यासमोर उभा राहून वाचला, माझंच पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘मिळाला.’ मी म्हटलं, “कचरू, मी प्राचार्यांशी बोलणार आहे.”

तो म्हणाला, “हो, बाई.”

बोलले नाही. आज बोलू, परीक्षा झाल्यावर बोलू, राधाची सुटका झाल्यावर बोलू. मे महिन्यात नातू झाला. कचरूने मला पेढे आणून दिले, कात्रजच्या डेअरीचे. सप्टेंबर आला, त्याला अडतीस पूर्ण झाली, आणि बोलण्यात काही अर्थ उरला नाही. मग मी स्वतःला सांगितलं की आता बोलून काय उपयोग. माणूस स्वतःला किती सोयीचं सांगू शकतो, ह्याला मर्यादा नाही.

पुढच्या वर्षी तो नोकरी सोडून गेला. सर्व्हरची वही टेबलावर ठेवून गेला, नव्या मुलासाठी. मी ती उघडली. त्या गुरुवारचं पान काढलं. वेळ लिहिली होती, वीज किती वाजता गेली ते लिहिलं होतं, आणि पुढे : ‘ऐंशी नंबरवर दुसरा प्रोग्रॅम. बंद केला.’ बरोबरची खूण. कोणाचा प्रोग्रॅम, ते लिहिलं नव्हतं. आणि त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीच्या तारखेने, ‘बाईंचा प्रोग्रॅम आता सर्व्हर सुरू झाल्याशिवाय सुरू होणार नाही, अशी सोय केली. बाईंचं बोलणं बंद पडू नये.’ पुन्हा बरोबरची खूण. म्हणजे ज्या आठवड्यात मी त्याचा मेमो लिहीत होते, त्या आठवड्यात तो माझ्या लेकीचा चेहरा मला दिसावा ह्याची तजवीज करत होता. मी ती वही घरी घेऊन आले. कॉलेजची मालमत्ता आहे, हवी तर मागून घ्या.

दोन हजार अकराला मी निवृत्त झाले. राधा नवऱ्यासकट पुण्यात परतली, त्याला खराडीला एका कंपनीत मोठी जागा मिळाली. दोन हजार पंधराच्या डिसेंबरात त्या कंपनीत कुटुंबीयांना ऑफिस दाखवायचा दिवस होता. राधा पुढे गेली होती, मी सात वर्षांच्या नातवाला, शंभूला, घेऊन मागून गेले. काचेच्या इमारतीपुढे फाटक, फाटकाशी टेबल, टेबलावर नोंदवही, आणि निळ्या गणवेशातला एक पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या लॅपटॉपचे नंबर उतरवून घेत होता. अक्षर मी आधी ओळखलं. मग माणूस.

केस पिकले होते. मला बघून तो उठून उभा राहिला. “बाई, तुम्ही?” मग शंभूकडे बघितलं, वाकला आणि त्याच्या नाकावर हलकेच बोट ठेवलं. “हाच का तो? त्या गुरुवारचा?”

म्हणजे ते चित्रसुद्धा त्याने दारातून बघितलं होतं.

बरोबरच्या पहारेकऱ्याला तो म्हणाला, “ह्या आमच्या दातारबाई. आमचं सगळं शिक्षण ह्यांच्या हाताखाली झालं.” मी विचारलं, भाग्यश्री काय करते? तर म्हणाला, “बी.कॉम. झाली. इंजिनियरिंगची फी झेपली नाही. हडपसरला कापडाच्या दुकानात बिलं करते. बरं चाललंय.” तक्रार नव्हती त्यात. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

आणि मग मी बोलले. जवळजवळ आठ वर्षं उशिरा, फाटकात उभं राहून, नातवाचा हात धरून बोलले. “कचरू, तो प्रोग्रॅम माझा होता. मला त्या वेळीच कळलं होतं. मी खोटं बोलले. तुझी जागा माझ्यामुळे गेली.” माझा आवाज फुटला. लोक बघायला लागले. शंभूने माझा पदर ओढला.

कचरूने माझं नाव नोंदवहीत लिहिलं, वेळ लिहिली, कोणाकडे जायचं ते लिहिलं. वही माझ्यासमोर फिरवली आणि सहीसाठी पेन पुढे केलं. मी सही केली.

“माहीत हाय, बाई,” तो म्हणाला. “पुढं व्हा आता. मागं लाइन लागलीय.”

मी पुढे झाले.